मुलासाठी मदत शोधताना: आधी वही, मग डॉक्टर

माझा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी 'आई' म्हणत नव्हता. घरात सगळ्यांचं एकच, मुलगे उशिराच बोलतात. पहिल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि आम्ही निर्धास्त होऊन घरी आलो. त्यात आठ महिने गेले. नंतर कळलं, त्याला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. आता परत सुरुवात करायची असती, तर काय केलं असतं ते सांगते.

सगळ्यात आधी वही केली असती. 'बोलत नाही' एवढ्यावरून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. तारीख घाला आणि जे दिसलं तेवढंच लिहा. मी ती उशिरा केली, पण तिच्यातली एक नोंद अशी होती: 'पाठमोरा खेळत होता. तीन हाका मारल्या, वळला नाही. दार आपटलं तेव्हा लगेच वळला.' दाराला वळतो म्हणजे ऐकू येतं, अशी आमची खात्री होती. ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी नोंद वाचून विचारलं, "जमिनीवर बसला होता का?" बसलाच होता. दाराचा हादरा त्याला फरशीतून जाणवला होता. म्हणून घरच्या घरी टाळ्या वाजवून निष्कर्ष काढू नका. मोबाइलवर एक-दोन मिनिटांचं चित्रीकरण मात्र जरूर ठेवा. दवाखान्यात मूल घरच्यासारखं वागत नाही.

वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द, दीड वर्षापर्यंत हवं ते बोटाने दाखवणं, दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडणं, हे दिसत नसेल तर वाट पाहू नका. येत असलेले शब्द गळून गेले, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा.

बोलणं मागे असेल तर पहिली तपासणी कानांची, आणि ती नाव घेऊन मागा. ओएई चाचणीत कानात छोटी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद पाहतात. काही मिनिटांचं काम. बेरा चाचणीत मूल झोपलेलं असताना कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि आवाज नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते बघतात. काही मुलांची ओएई चांगली येते आणि दोष नसेत असतो, म्हणून शंका उरली तर बेराचा आग्रह धरा. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर ते टिम्पॅनोमेट्रीत कळतं. नवजात बाळांसाठी तज्ज्ञ १-३-६ चा हिशेब सांगतात: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आमचा हिशेब किती चुकला होता, ते हे कळल्यावर लक्षात आलं.

कान चांगले असूनही मूल नजर देत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर बालविकासतज्ज्ञांकडे जा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते. ती फक्त चाळणी आहे. त्यावरून स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान होत नाही. बटण लावणं, पेन्सिल धरणं जमत नसेल तर अशा रोजच्या कामांचा सराव करून घेणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून किंवा सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागातून चिठ्ठी घ्या. "थांबू या" असं उत्तर मिळालं तर विचारा, "किती दिवस? तोवर काय दिसलं नाही तर परत यायचं?" आणि ते फाइलमध्ये लिहून घ्या. हा एक प्रश्न मी विचारला असता तर ते आठ महिने वाचले असते.

वयात आलेल्या मुलांचं वेगळं. माझी भाची पंधरा वर्षांची असताना गप्प गप्प राहायला लागली. पहिल्या भेटीत समुपदेशकांच्या प्रत्येक प्रश्नाला वहिनीच उत्तर देत होत्या. दुसऱ्या भेटीत त्या बाहेर बसल्या आणि पोरगी अर्धा तास बोलली. म्हणून वेळ घेतानाच विचारा, तिच्याशी एकटीशी बोलणार का, आणि काय गुप्त राहील. जिवाला धोका असेल तर ते गुप्त ठेवत नाहीत, हे मुलीलाही आधीच सांगितलेलं बरं. समुपदेशक बोलून मदत करतात. औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ.

मूल मरणाची भाषा करत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं कुलपात टाका आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

आपल्यासाठीही कुणीतरी शोधा. मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या थेरपीच्या बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या आया. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, ते मला त्यांनीच सांगितलं.

थेरपीला नंबर लागायला वेळ लागतो. कुणाची वेळ रद्द झाली तर फोन करा, असं आधीच सांगून ठेवा आणि तोवर घरी सुरुवात करा. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसायचे, उजेड माझ्या तोंडावर येईल असं, आणि कपडे घालताना प्रत्येक कपड्याचं नाव घ्यायचे. श्रवणयंत्र यायच्या आधीच तो माझ्या ओठांकडे टक लावून बघायला लागला होता.