भर उन्हाळ्यात बास मासा गळाला लागेना, मग असं जमवलं

दुपारच्या उन्हात काठाजवळ कितीही लूर (नकली आमिष) फेका, बास ढुंकून बघत नव्हता. मग फिशफाइंडरवर (पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र) थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं गरम नि खालचं थंड पाणी यांच्यामधली पट्टी, शोधली, स्क्रीनवर ती धूसर पट्टीसारखी दिसते, तिच्या खाली ऑक्सिजन फार कमी असतो म्हणून पार तळाशी टाकून काही उपयोग नाही, पट्टीच्या जरा वर जिथे उंचवटा किंवा बुडालेलं झाड असेल तिथे ड्रॉप शॉट (वजन खाली, गळ नि आमिष त्याच्या वर) हळूहळू हलवत ठेवला आणि मासे लागायला लागले. टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणारं आमिष) फक्त पहाटे नि सांजवेळी. अर्थात हे खोल तलावाचं झालं, उथळ पाण्यात मी सरळ दाट पाणवेलींवरून फ्रॉग (बेडकासारखं नकली आमिष) ओढतो, सावली तिथेच असते ना. नदीत प्रवाह बघायचा. गढूळ पाण्याला आमिषाचा काळा-निळा रंग बरा. आणि हो, गरम पाण्यात मासा लवकर दमतो, सोडणार असाल तर पटकन सोडा, फोटोसेशन नको.