भूमिती श्रेढीची उदाहरणे कशी सोडवावी: आधी भागाकार, मग सूत्र

दहावीला अंकगणिती श्रेढी घोटून घेतलेली असते. दोन समीकरणे आली की एकातून दुसरे वजा करायचे, ही सवय हाताला लागते. अकरावीत जीपी, म्हणजे भूमिती श्रेढी समोर आली की तोच हात आपोआप वजाबाकी करायला जातो आणि गाडी तिथेच अडते. पदापदांत फरक सारखा असेल तर वजाबाकी कामाची, गुणोत्तर सारखे असेल तर भागाकार. नागपुरात धरमपेठ-बर्डीच्या शिकवणी वर्गांना जाऊन सीईटी-जेईईची तयारी करणाऱ्यांनी सूत्रांच्या पाठांतराआधी ही एक गोष्ट पक्की करावी.

इथे पहिले पद अ, साधारण गुणोत्तर ग आणि पदांची संख्या न धरली आहे. वहीत ए, आर, एन लिहीत असाल तर तेच चालू ठेवा. टोपी चिन्ह ^ म्हणजे घात.

पायरी १: जीपी आहे का ते तपासा

प्रत्येक पदाला त्याच्या आधीच्या पदाने भागा. दुसरे भागिले पहिले आणि तिसरे भागिले दुसरे, अशी किमान दोन गुणोत्तरे काढा. २, ४ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पुढे ६ आले तर अंकगणिती, ८ आले तर भूमिती. भागाकार उलटा करू नका. ८१, २७, ९ मध्ये ग = १/३ आहे, ३ नाही.

पायरी २: दिलेली माहिती अ आणि ग मध्ये लिहा

न-वे पद = अ × ग^(न − १). घात पदाच्या क्रमांकापेक्षा एकने कमी असतो. सहावे पद अग^५, अग^६ नव्हे. सर्वांत जास्त मार्क याच एका चुकीने जातात.

पायरी ३: भागा

तिसरे पद १२ आणि सातवे पद १९२ आहे असे समजा. अग^२ = १२, अग^६ = १९२. दुसऱ्या समीकरणाला पहिल्याने भागले की अ उडतो आणि ग^४ = १६ उरते. इथे बरेच जण ग = २ लिहून थांबतात. घात सम आहे, म्हणून ग = −२ सुद्धा चालते. दोन्ही वेळा अ = ३ येतो. श्रेढ्या मात्र दोन मिळतात: ३, ६, १२, २४… आणि ३, −६, १२, −२४… उदाहरणात ‘सर्व पदे धन’ असे म्हटले असेल तरच दुसरी सोडा. सातव्याऐवजी सहावे पद, ९६, दिले असते तर ग^३ = ८ झाले असते आणि वास्तव संख्यांत ग = २ हे एकच उत्तर आले असते. दिलेल्या दोन पदांच्या क्रमांकांतला फरक सम की विषम, ते आधीच पाहून ठेवा.

बेरजा दिल्या तरी रीत हीच. पहिल्या तीन पदांची बेरीज १४ आणि पहिल्या सहांची १२६ असेल, तर १२६ ला १४ ने भागा. बेरजेच्या सूत्रातले (पायरी ६ पाहा) (ग − १) आणि अ दोन्ही जातात आणि (ग^६ − १)/(ग^३ − १) = ९ राहते. अंशाचे अवयव पाडले की ग^३ + १ = ९, म्हणून ग = २ आणि अ = २. तिरका गुणाकार करत बसलात तर सहाव्या घाताचे समीकरण गळ्यात पडते.

पायरी ४: गुणाकार दिला असेल तर पदे मधोमध धरा

तीन पदांचा गुणाकार दिला की अ/ग, अ, अग धरा. गुणाकार थेट अ^३ होतो. उदाहरणार्थ, गुणाकार २१६ आणि बेरीज २६. मग अ = ६, आणि ६/ग + ६ + ६ग = २६. सोपे रूप दिले की ३ग^२ − १०ग + ३ = ०, म्हणून ग = ३ किंवा १/३. संख्या २, ६, १८, किंवा याच उलट क्रमाने. लक्षात ठेवा, इथला अ हे मधले पद आहे. पहिले पद विचारले असेल तर ६ हे उत्तर चूक.

चार पदांसाठी अ/ग^३, अ/ग, अग, अग^३ धरतात. यात खरे गुणोत्तर ग^२ असते, म्हणजे वास्तव ग घेतला तर ते नेहमी धन. चिन्हे आलटून-पालटून येणारी श्रेढी या मांडणीत सापडत नाही. गुणाकार दिलेला नसेल तर साधे अ, अग, अग^२ बरे.

पायरी ५: शाब्दिक उदाहरणात पदे मोजताना सांभाळा

२५ लिटर संत्र्याच्या रसातून दर वेळी ५ लिटर मिश्रण काढून तेवढेच पाणी घातले, तर तीन वेळांनंतर शुद्ध रस किती? दर वेळी ४/५ रस उरतो. २५, २०, १६, १२.८. उत्तर १२.८ लिटर, आणि ते चौथे पद आहे, कारण पहिले पद काहीही काढण्याआधीचे आहे. सूत्रात न = ३ घालणाऱ्याचे उत्तर १६ येते. शब्दांत आलेले उदाहरण असले की पहिली दोन-तीन पदे हाताने लिहावीच आणि प्रत्येकाखाली ‘सुरुवातीला’, ‘एकदा काढल्यावर’ असे नमूद करावे. रस १० लिटरच्या खाली केव्हा जाईल, असे विचारले तर लॉगची गरज नाही. पुढची पदे १०.२४ आणि ८.१९२, म्हणजे पाचव्या वेळी. लॉग घेतलाच तर ०.८ चा लॉग ऋण आहे, त्याने भागताना असमानतेचे चिन्ह उलटते.

पायरी ६: बेरीज

न पदांची बेरीज = अ(ग^न − १)/(ग − १). ग = १ असेल तर छेद शून्य होतो, तेव्हा बेरीज सरळ न × अ.

कॅल्क्युलेटर सीईटीतही नाही, जेईईतही नाही. मग ग^न काढायचे कसे? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) दिलेली रीत आजही सगळ्यांत चपळ आहे. त्यांचे उदाहरण असे: दात्याने पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या, रोज दुप्पट, तर ३० दिवसांत किती? घात सम असेल तर अर्धा करा आणि ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. ३० वरून १५, १४, ७, ६, ३, २, १, ०. आता १ पासून उलटे चढा, ‘गुण’ असेल तिथे २ ने गुणा, ‘वर्ग’ असेल तिथे वर्ग करा: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. तीस गुणाकारांचे काम आठ पायऱ्यांत झाले. बेरीज २ × (२^३० − १) = २१४७४८३६४६ कवड्या.

पायरी ७: अनंत बेरीज असेल तर ग पुन्हा तपासा

अ/(१ − ग) हे सूत्र ग ची किंमत −१ आणि १ यांच्या मध्ये असेल तेव्हाच चालते. बेरीज ४ आणि दुसरे पद −३ दिले असेल, तर ४ग(१ − ग) = −३, म्हणजे ४ग^२ − ४ग − ३ = ०. उत्तरे ३/२ आणि −१/२. बीजगणित दोन्ही देते, पण ३/२ घेतले तर श्रेढी −२, −३, −४.५… अशी खाली जात राहते, तिची बेरीज ४ होऊच शकत नाही. म्हणून ग = −१/२, अ = ६.

चेंडूच्या उदाहरणात वेगळा सापळा आहे. १० मीटरवरून सोडलेला चेंडू दर वेळी आधीच्या ३/५ उंची गाठतो, तर तो एकूण किती अंतर कापेल? पहिली झेप ६ मीटरची, सर्व झेपांची बेरीज ६/(१ − ३/५) = १५. प्रत्येक झेप वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा मोजायची, पहिले १० मीटर मात्र एकदाच: १० + ३० = ४० मीटर. ५० उत्तर आले तर सुरुवातीचे १० दोनदा धरले गेले आहेत, आणि २५ आले तर वर जाण्याचे अंतर राहून गेले आहे.