'कॅरियन' शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही
इंग्रजीतलं कॅरियन म्हणजे मेलेल्या जनावराचं कुजायला लागलेलं मांस, मूळ लॅटिन 'कारो', म्हणजे नुसतं मांस. पण बाजारातली नरम पडलेली सुरमई कॅरियन नाही हां, ती फक्त सडकी (आणि तरी भाव तोच!). रानात मेलेली गाय किंवा किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन वास मारायला लागला की ते कॅरियन, म्हसळ्याजवळ चिरगावची गिधाडं खातात तेच. 'दोन कॅरियन' असं मोजायचं नाही. माणसाच्या प्रेताला तर नकोच, शिवी वाटते.

मराठीत 'मढं' म्हणाल, पण मढं म्हणजे अख्खा देह, म्हणून मी सरळ 'मेलेल्या ढोराचं मांस' लिहितो, १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी खाणं सोडा म्हणून सांगितलं ते हेच.