पहिला डाख देण्याआधी काय काय जवळ हवं

दागिने घडवायला शिकताना धातूचे दोन तुकडे डाखाने, म्हणजे वितळवलेल्या सोल्डरने, सांधायचे असतात. त्यासाठी आधी चिमटा आणा. लोखंडाचा नको, स्टीलचाही नको. तांब्याचा, लाकडाचा नाहीतर प्लॅस्टिकचा. तापवलेला दागिना ज्यात साफ करायचा त्या ॲसिडच्या भांड्यालाच तो दोरीने बांधून टाका आणि मग पुढचं वाचा.

चष्मा, सुती कपडे, बांधलेले केस, उघडी खिडकी, जवळ पाणी. हे सांगायला नकोच.

चांदीची घाई नको. ०.८ मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा आणि थोडी तार पुरे. तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं, ९२.५ टक्क्यांची चांदी ९०० च्या आतच. ज्योत जरा जास्त रेंगाळली की अंगठीचा गोळा. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही तापवू नका, धूर वाईट असतो.

करवतीची पाती भरपूर घ्या, मोडतातच. दात मुठीच्या दिशेला.

ठोकताना धातू ताठरतो आणि तसाच ठोकत राहिलात तर चिरतो. म्हणून मध्येमध्ये तापवून मऊ करायचा. त्यासाठी अंधारा कोपरा शोधा: मंद लाली दिसली की ज्योत बाजूला घ्यायची असते, आणि ती लाली उन्हात दिसतच नाही.

सांधा उजेडासमोर धरून बघा. फटीतून उजेड आला की पुन्हा कानस. डाख फट भरत नाही, कितीही घाला. शिशाचं सोल्डर नको, कॅडमियमचंही नको. डाख नीट वाहावा म्हणून लावायचा टाकणखार (बोरॅक्स) लावल्यावर सुरुवातीला ज्योत लांबूनच फिरवा. तो फुगतो आणि डाखाचा तुकडा भलतीकडे ढकलतो. मग सगळा दागिना तापवा, नुसता डाख नाही. डाख जिकडे ताप जास्त तिकडे पळतो.

आता ॲसिड. सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी चालतं. त्या भांड्यात पुन्हा कधी स्वयंपाक नाही. तापवल्यावर चढलेला काळा थर यात निघतो आणि तांबं हळूहळू पाण्यात उतरतं. त्या पाण्यात लोखंड गेलं की तेच तांबं बाहेर पडून दागिन्यावर बसतं. गंमत अशी की तांब्यावर शिकताना हे कळतच नाही. तांब्यावर बसलेलं तांबं दिसणार कसं? हाताला स्टीलच्या चिमट्याची सवय लागते, आणि पहिली चांदी बाहेर निघते ती गुलाबी होऊन. मग बसा घासत, नक्षीच्या खोबणीतून तर ते जाता जात नाही.

आणि नुसता चिमटाच नाही! सांधा धरून ठेवायला गुंडाळलेली बारीक तार लोखंडाचीच असते. ती काढा. काळी पडलेली असते, दागिन्याला चिकटून बसते, नजरेतून सुटते. बुडवण्याआधी दागिना उलटा करून बघा, तारेचा तुकडा मागे राहिलाय का. पुन्हा बघा.

नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, पुसा. पॉलिश पेपर ४००, ६००, १०००, याच क्रमाने. मधला गाळलात तर ओरखडे राहतात. वापरलेलं ॲसिड मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. मोटरवर पॉलिश करताना हातमोजे नकोत, आणि साखळी तर धरूच नका, बोटासकट ओढली जाते.