राजीनाम्यावर सही करताय? थांबा! काम सुटल्यावर होणाऱ्या चुका

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत 'तुला काढलं' असं तोंडावर सहसा कोणी म्हणत नाही. केबिनमध्ये बोलावतात, चहा पाजतात आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवतात. "भाऊ, राजीनामा देऊन टाक, रेकॉर्ड स्वच्छ राहते." माझ्या मामेभावाने आठ वर्षांच्या नोकरीनंतर अशीच उभ्या उभ्या सही केली. कागदावर 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द आधीच छापलेले होते, तारखेची जागा तेवढी कोरी.

त्या दोन शब्दांनी सगळं घालवलं. कंपनीने कामगार कपात केली असती, तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, हा कामगाराचा हक्क होता. ईएसआयसीची (कामगार राज्य विमा महामंडळाची) राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, म्हणजे बेरोजगारी भत्ता, हीसुद्धा कपात झाल्यावर किंवा कारखाना बंद पडल्यावर लागू होते, राजीनाम्यावर नाही. दोन वर्षांची वर्गणी असेल तर पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता. स्वतःहून सोडणाऱ्याला यातलं काहीच नाही.

म्हणून त्या दिवशी सही करू नका. 'घरी विचारून सांगतो' म्हणा, कागदाचा फोटो काढा, आणि काय घडलं ते त्याच रात्री कंपनीला ईमेलने कळवून ठेवा. काढायचंच असेल तर तसं लेखी पत्र मागा.

पत्र मिळालं तरी काम संपत नाही. ईएसआयसीच्या मासिक भरण्यात कंपनी काम सुटल्याचं कारण यादीतून निवडते. तिथे 'रिट्रेंचमेंट' (कपात) हेही असतं, पण क्लार्क सवयीने 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) टाकून मोकळा होतो. पत्रात एक आणि पोर्टलवर दुसरंच असेल तर ईएसआयसीच्या शाखेत भत्त्याचा अर्ज अडकतो. आधी कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.

ईएसआयसीची बेरोजगारी भत्त्याची दुसरी योजना म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. तिच्यात सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच मिळतात. काम सुटून ३० दिवस झाल्याशिवाय दावा लागत नाही. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर अपात्र. कंपनीची चार्जशीट (गैरवर्तनाचं आरोपपत्र) आली तर उत्तर न देता बसू नका, ते यासाठीच. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा ती चालू आहे ना, हे शाखेत आधी विचारा.

ईएसआय कार्ड फेकू नका. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर उपचाराचा हक्क काम सुटल्यावरही काही महिने राहतो. सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात कार्ड दाखवायला लाजायचं कारण नाही, पैसे आपल्याच पगारातून गेलेत.

पीएफचं म्हणाल तर रघुजीनगरच्या ऑफिसात रांग लावण्याआधी पीएफच्या पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट' (नोकरी सुटल्याची तारीख) भरली आहे का बघा. कंपनीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः भरता येते. आणि पेन्शनचा पैसा लगेच काढू नका! नोकरी दहा वर्षांच्या आत असेल तर स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात.

पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते. मामेभावाला हे आम्ही सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. आता त्याचा अर्ज गेला आहे.