बेंगळूरच्या गच्च्यांवर जाण्याआधी: बेळगावहून नव्यानं येणाऱ्या पोरांसाठी

गणपतीला बेळगावला गेले की शहापूरच्या आमच्या घरी दरवर्षी एक-दोन पोरं तरी येतात. कुणाला बेंगळूरला नोकरी लागलेली असते, कुणी शिकायला निघालेलं असतं. आईबाप माझ्याकडून पीजीचं भाडं, जेवण, पाणी, कंपनीची बस, सगळं विचारून घेतात. ते आत आईशी बोलायला गेले की पोरगं हळूच मोबाईल पुढं करतं. उंच इमारतीच्या माथ्यावरचं हॉटेल, कठड्याला टेकलेली चार माणसं, मागं दूरवर दिवेच दिवे. "अक्का, इथं जायला काय लागतंय?"

यंदा वडगावचा एक, खानापूरची एक आणि निपाणीची एक, अशा तिघांनी चार दिवसांत हेच विचारलं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. दिवसभर काचेच्या इमारतीत मान मोडून काम केल्यावर माणसाला वर जाऊन वारा खावासा वाटणारच. मी २०११ ला इथं आले तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. जे ठेचकाळत शिकले ते लिहिते. पीजीबद्दल एवढंच की बहुतेक पीजींचं गेट रात्री दहाला बंद होतं. बुकिंग करण्याआधी वॉर्डनशी बोला.

आता पैसे. हे मी हात जोडून सांगते. "टेबल आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका.

२०१२ च्या सप्टेंबरात मी नोकरीत कायम झाले. पगार बावीस हजार. बेळगावच्या मित्रमैत्रिणींना पार्टी द्यायची म्हणून एका रूफटॉपला फोन केला. शनिवार, आठ जण. "मिळेल मॅडम, कठड्याजवळचं देतो," असं पलीकडून म्हणाले आणि मला कोण आनंद झाला. मेनूतले भाव बघत आम्ही जपून मागवलं. चार स्टार्टर, दोन पिझ्झे, तिघांनी बिअर घेतली, बाकीच्यांनी लिंबू सोडा. माझ्या हिशोबानं सात हजारांच्या आत बसत होतं. काळ्या पाकिटातून बिल आलं ते सोळा हजारांचं. शनिवारी रात्री आठनंतर कठड्याजवळच्या टेबलाला माणशी दोन हजारांचं मिनिमम होतं. तेवढं खा किंवा खाऊ नका, पैसे तेवढे द्यायचेच. मॅनेजरनं टेबलावरचं त्रिकोणी कार्ड उचलून दाखवलं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. फोटो काढताना मीच ते कार्ड फुलदाणीमागं सरकवलं होतं.

त्या दिवाळीला मला घरी पैसे पाठवता आले नाहीत. बाबांचे तेव्हा दोनच माग चालू होते. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, त्याचंच मला फार लागलं. अजून लागतं.

म्हणून फोनवरच विचारा: मिनिमम बिल आहे का? माणशी आहे की टेबलाला? कुठल्या टेबलांना, किती वाजल्यापासून? आत जायचा कव्हर चार्ज आहे का, आणि तो खाण्यापिण्यात वळता होतो की नुसताच जातो? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. दारात पोचल्यावर, खुर्चीवर बसायच्या आधी, पुन्हा एकदा विचारा. यात गावंढळपणा काही नाही. माझ्या ऑफिसातले बेंगळूरचे जुने लोक सर्रास विचारतात, लाजतो तो आपणच. आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार जा. मिनिममची भानगड बहुतेक ठिकाणी शुक्रवार-शनिवारी असते.

बिल आलं की घाईनं कार्ड पुढं करू नका. जेवणावर जीएसटी ५ टक्के. मोठ्या तारांकित हॉटेलात, जिथं खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असतं तिथं, १८ टक्के. दारूवर जीएसटी नसतोच, तिचा कर वेगळा. म्हणजे खाण्याची आणि दारूची बेरीज बिलात वेगवेगळी दिसायला हवी. सर्व्हिस चार्ज ग्राहकाला न विचारता बिलात घालायचा नाही, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश २०२२ च्या जुलैपासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं ते २०२५ मध्ये उचलून धरलेत. "हा काढा" असं शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढतात. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाढणाऱ्या पोराला टीप मात्र हातात द्या. तोही कुठून तरी लांबून पोटासाठीच आलेला असतो.

दुसरी गोष्ट जिन्याची. माझ्या बरोबरच्या लोकांना याचा कंटाळा येतो, तरी मी सोडत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जीव गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या कोरमंगलात चौथ्या मजल्यावरच्या कॅफेला आग लागली, तेव्हा एक माणूस वरून उडी मारून वाचला. त्यानंतर पालिकेनं गच्चीवरच्या हॉटेलांची तपासणी काढली. पण तपासणी आज होते, उद्या पुन्हा तसंच चालतं. इंदिरानगर, कोरमंगला, एचएसआर या भागांत रूफटॉप म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा राहत्या घराची गच्ची असते. वर पत्रा नाहीतर बांबूचं छप्पर, कडेनं प्लास्टिकची फुलं, खाली एकच अरुंद जिना. आणि दिसतं काय, तर शेजारच्यांच्या पाण्याच्या टाक्या.

वर गेल्या गेल्या दुसरा जिना कुठं आहे ते विचारा आणि खरंच दार ढकलून बघा. दोन वर्षांमागं एके ठिकाणी मी दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. पलीकडे बिअरचे क्रेट छताला भिडलेले, त्यावर फाटक्या छत्र्या. मी परत टेबलाशी आले, पर्स उचलली आणि सगळ्यांना खाली घेऊन आले. मैत्रीण रुसली, तिच्या मुलीचा वाढदिवस होता. शेवटी खालच्या दर्शिनीत उभ्यानं डोसे खाल्ले. तसंच घडलं तर मी आजही तेच करीन.

आता कुठं जायचं ते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एम. जी. रोडवरच्या बार्टन सेंटरच्या तेराव्या मजल्यावर पाठवते. तिथलं एबनी हे हॉटेल जुनं आहे, दुपारचं जेवण चांगलं मिळतं आणि खालून मेट्रो जाताना दिसते. मी आले त्याच वर्षी, २०११ च्या ऑक्टोबरात, एम. जी. रोड ते बैयप्पनहळ्ळी ही पहिली मेट्रो धावली, म्हणून मला ते दृश्य अजून आवडतं. सगळ्यात उंचावर जायचं असेल तर राजाजीनगर-मल्लेश्वरमच्या बाजूला, ओरायन मॉलशेजारी वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. त्याच्या एकतिसाव्या मजल्यावर हाय म्हणून बार आहे. हिरव्या लाइनचं सँडल सोप फॅक्टरी स्टेशन जवळ. तिथं वारा एवढा असतो की डिसेंबरात स्वेटर लागतोच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी यूबी सिटीच्या सोळाव्या मजल्यावरचा बार असायचा. मी गेले एकदा, पण तिथं लोक बघायला कमी आणि दिसायला जास्त आलेले वाटले.

बिअर आवडणाऱ्यांनी उंचीच्या मागं लागू नये. या शहराची बिअर खरी मिळते ती जिथं ती तिथंच गाळतात त्या ठिकाणी. इंदिरानगरचं टॉइट २०१० पासून आहे. मॅग्रथ रोडवर आठव्या मजल्यावर आर्बर आहे, तिथून वाराही मिळतो. व्हाईटफील्डकडे राहणार असाल तर विंडमिल्स. तिथं पुस्तकांची कपाटं आहेत आणि गाणारे-वाजवणारे येतात. मन लावून ऐकायचं असेल तरच तिथं जा.

वेळ साडेपाचची ठेवा. बेळगावपेक्षा इथं सूर्य दहा-पंधरा मिनिटं आधी मावळतो. नोव्हेंबरात सहाच्या आधीच. आपली पोरं साडेसातला पोचतात आणि अंधाराचे फोटो काढतात. लवकर गेलं की हॅपी अवर्सचा भाव मिळतो, मिनिमम सुरू झालेलं नसतं आणि अकराच्या सुमाराची शेवटची मेट्रोही सापडते. बार रात्री एकपर्यंत उघडे असतात म्हणून तुम्ही एकपर्यंत बसायलाच हवं असं नाही.

पाऊस इथला वेगळा. बेळगावचा पाऊस एकदा लागला की दिवस दिवस झिमझिमतो, त्याची आपल्याला सवय असते. इथं एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी तासाभरात आभाळ कोसळतं आणि खाली रस्ता ओढ्यासारखा वाहतो. बुकिंग करताना आडोशाचं टेबल मिळेल का ते विचारून घ्या.

दारात वय बघतात, २१ पूर्ण हवं. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. मुलांना चपला आणि हाफ पँटवर काही ठिकाणी सोडत नाहीत. मग ती चपल अस्सल कोल्हापुरी का असेना. नुसत्या मुलांच्या टोळक्याला शनिवारी नाकारतात, वाद घालू नका. मुलींनो, लेडीज नाइटला जायचं असेल तर खुशाल जा, पण तिघी मिळून जा, आपला ग्लास नजरेआड करू नका आणि येताना एकाच गाडीत बसा. गोव्याहून चोर्ल्यामार्गे आणलेली बाटली बॅगेत घालून बेंगळूरला येऊ नका, तो गुन्हा आहे.

आणि गाडी. एक बिअर घेतली तरी गाडीला किल्ली लावायची नाही. कायद्यात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शनिवारी रात्री पुलांच्या तोंडाशी पोलिस उभेच असतात. पण मी हे दंडासाठी सांगत नाही. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा या शहरातून बेळगावला अॅम्ब्युलन्समधून गेला. त्याच्या आईसमोर मी अजून जाऊ शकत नाही.

आपल्या माणसांबद्दल थोडं बोलते, राग मानू नका. आपण बेळगावची मंडळी इथं येऊन दहा-दहा वर्षं आपल्यातच बसतो. टेबलावर बसलं की हे शहर कसं वाईट, इथलं जेवण कसं गोडमिट्टं, आपला कुंदा कसा भारी. सीमेचं दुखणं १९५६ पासूनचं आहे, ते माझ्या घरातही आहे, आजोबांनी सोसलंय. पण ज्या शहरानं पगार दिला त्याच्याबद्दल शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाईट बोलणं मला पटत नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांना कन्नड येतं, तरी इथं आल्यावर हिंदी का झाडायची?

तुमचं कन्नड इथं उपयोगी पडतं. आपलं ते आदरानं "री" लावलेलं. एकदा मी एका रूफटॉपच्या दारातल्या कॅप्टनला सवयीनं विचारलं, "मिनिमम एष्ट ऐती री?" म्हणजे मिनिमम किती आहे हो? बेंगळूरचा माणूस "एष्टु इदे" म्हणाला असता. कॅप्टनचा चेहराच बदलला. "याव ऊर री?" कुठलं गाव हो, असं त्यानं विचारलं. तो गोकाकचा निघाला. मी बेळगाव म्हटल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की कठड्याची सहा टेबलंच मिनिममची आहेत. त्यांच्या मागची ओळ एक पायरी उंच आहे, तिथून दिसतं तेवढंच आणि मिनिमम नाही. तिथंच बसवलं. निघताना त्यानं विचारलं, "करदंट आणता का कधी गावाकडून?" करदंट म्हणजे गोकाकची डिंक-सुक्या मेव्याची मिठाई. पुढच्या खेपेला मी अर्धा किलो नेलं.

आईवडिलांना न्यायचं असेल तर दुपारी न्या. रात्रीचा आवाज त्यांना सोसत नाही आणि अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते का ते विचारा, पुष्कळ ठिकाणी शेवटचा मजला चढावा लागतो. मेनूकार्ड तुमच्याच हातात ठेवा, नाहीतर ते भाव बघून फक्त सूप मागवतील.

मी बाबांना २०१९ मध्ये बार्टन सेंटरला नेलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी उतरले, दुपारी आम्ही वर. ते बराच वेळ कठड्याला हात टेकून उभे होते. मग म्हणाले, "येळ्ळूरच्या गडावरून बेळगाव दिसतं, तसंच की गं हे." जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "आपलं गाव कुठल्या बाजूला येतं?" मी स्टेडियमच्या पलीकडे, वायव्येला बोट दाखवलं. वाढणाऱ्या पोराला मराठी कळत नव्हतं, पण त्यानं माझं बोट बघितलं आणि बाबांची खुर्ची उचलून त्या बाजूला तोंड करून ठेवली.