फेरेट घालून ससे धरायचे तर: जाळी सोपी, खणणं अवघड

इंग्लंडच्या खेड्यात राहायला आलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणीतरी दर थंडीत विचारतंच, शेजारचा शेतकरी फेरेटिंगला ये म्हणतोय, नेमकं काय करायचं असतं? फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबट पाळीव जनावर, ते बिळात सोडून ससे बाहेर हुसकायचे, याला फेरेटिंग म्हणतात. मग ते व्हिडिओ बघतात, व्हिडिओत सगळं कसं छान, जनावर बिळात सोडलं की दोन मिनिटांत ससा जाळ्यात. बिळात गेलेलं जनावर बाहेरच येत नाही तो भाग कापलेला असतो. म्हणून हे लिहितोय, आणि सांगायचं मुख्यतः त्याच भागाबद्दल आहे.

आधी एक. नगर-सोलापूरच्या माळावर हे करून बघू असं कोणाच्या डोक्यात असेल तर तिथेच थांबा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे रानसशाची शिकार गुन्हा आहे, आणि तसंही आपला ससा बिळात राहतच नाही, तो झुडपाच्या बुडाशी खळगा करून बसतो, मग फेरेट घालणार कुठे? इथला ससा वेगळा. नॉर्मन लोकांनी मांसासाठी नि कातड्यासाठी आणून पाळला, तो सुटला आणि सगळीकडे बिळं करून बसला. 1953 मध्ये केंटमध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ सुरू झाली आणि पुढच्या दोनेक वर्षांत बहुतेक सगळे ससे मेले, पण उरले ते पुरेसे होते. आज गव्हाच्या शेताची कड बघा, बांधापासून आत पट्टाच्या पट्टा खुरटलेला दिसेल. 1954 च्या पेस्ट्स ॲक्टप्रमाणे सशांचा बंदोबस्त करायची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावरच आहे, त्यामुळे शेतकरी तुम्हाला बोलावतो ते काही निव्वळ प्रेमापोटी नाही. तरी परवानगी लेखी घ्या आणि खिशात ठेवा, नाहीतर पोलीस तुम्हाला पोचर, म्हणजे चोरून शिकार करणारा, धरतात आणि त्यात त्यांचं काही चूक नसतं.

दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्याआधी नेटल नि काटेरी ब्रॅम्बल एवढं माजलेलं असतं की बिळाची तोंडं दिसत नाहीत, आणि त्यानंतर बिळात पिल्लं असतात, ती मारून फेरेट पोट भरून तिथेच झोपते आणि तुम्ही बसता बोंबलत. दोन-तीन कडक दंव पडू द्या, मग जा.

जनावर मादी घ्या, जिल म्हणतात तिला. नर म्हणजे हॉब अंगाने मोठा असतो, जाळीत अडकतो, आणि सशाला हुसकवण्यापेक्षा तिथेच धरून बसायची त्याची खोड जास्त. जिल जाळीच्या भोकातून सहज ये-जा करते. पांढरी असेल तर आणखी बरं, झुडपात चटकन दिसते. तिला उपाशी ठेवून न्या म्हणजे जोमाने काम करेल हा सल्ला देणाऱ्याच्या नादी लागू नका, उपाशी फेरेट ससा मारून खात बसते, एवढं साधं आहे. सकाळी थोडं खाऊ घालायचं, अगदी तट्ट नाही. आणि तोंडाला मुसकं बांधायचा जुना प्रकार तर अजिबात नको, ती आत हरवली तर मुसक्यासकट उपाशी मरेल.

जाळी लावणं. याला पर्स नेट म्हणतात, दोन टोकांना दोन कड्या, कडेने दोरी ओवलेली, दोरीच्या टोकाला खुंटी. खालची कडी बिळाच्या ओठावर, वरची कडी वर, जाळी भोकावर सपाट पसरायची, आत लोंबू द्यायची नाही, खुंटी घट्ट ठोकायची, झालं. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने या, बोलू नका, दारं आपटू नका, बिळाच्या माथ्यावर धपाधप चालू नका. आतल्या सशाला तुम्ही कळलात की तो बाहेर पडायला राजी होत नाही आणि मग पुढचं सगळं दुखणं त्यातूनच सुरू होतं. झुडपाआडची छोटी तोंडं शोधा, ससा नेमका तिथूनच सटकतो. किती जाळ्या लावल्या ते मोजा, निघताना तेवढ्याच परत भरा, विसरलेल्या जाळीत रात्री भलतंच जनावर तडफडतं.

आणि बिळ नक्की सशाचंच आहे ना हे बघा. मोठं, आडवं पसरट भोक, खाली पाट्या उपसल्यासारखा मातीचा ढीग, त्यात जुनं वाळकं गवत, म्हणजे ते बॅजर नावाच्या दुसऱ्या एका रानटी जनावराचं घर. तिथे फेरेटही घालायची नाही आणि फावडंही लावायचं नाही, 1992 चा कायदा बॅजरच्या घराला हात लावू देत नाही आणि शिक्षा खरोखर होते. शंका आली तर पुढच्या बांधावर जा, ससे तिथेही आहेत.

फेरेटच्या गळ्यात लोकेटरचा पट्टा बांधा, एक बोट जेमतेम आत जाईल इतका. ती जमिनीखाली कुठे आहे ते या पट्ट्यावरून तुमच्या हातातल्या डब्याला कळतं. सैल बांधलात तर पट्टा मुळाला अडकून आत राहतो आणि तुम्ही तीन फूट खणून पट्टा बाहेर काढता, फेरेट तोवर मागच्या भोकातून येऊन तुमच्याकडे बघत असते. बॅटरी नवीन. बांधल्यावर डब्यात आवाज येतो का तपासा. मग तिला भोकाशी सोडा, ढकलू नका, तिची ती जाईल.

ससा जाळ्यात आला की लगेच जाळ्यावर हात, मान मोडायची ती एका झटक्यात. हे व्हिडिओ बघून शिकायचं काम नाही, आधी कोणा जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिका आणि मगच एकटे जा. ससा हालहाल करून मारणं हा इथे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो गुन्हाच असता.

आता मूळ मुद्दा. जिल आत गेली, एक-दोन ससे आले, आणि मग शांत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. आत दोनपैकी एक झालेलं असतं, एकतर तिने ससा मारलाय, नाहीतर ससा एका बाजूने बंद असलेल्या बोळात तोंड घालून बसलाय आणि ती त्याच्या ढुंगणावर नखं मारत मागे अडकलीये. दुसरं जास्त वेळा होतं. सशाने बोळ गच्च भरून टाकलेला असतो, तिला पुढे जाता येत नाही आणि शिकार सोडून मागे यायची तिची तयारी नसते.

इथे शेजारी उभा असलेला प्रत्येक जण सल्ला देतो. पहिला म्हणतो दुसरी फेरेट सोड, ती हिला घेऊन येईल. मग आत दोन अडकतात, अभिनंदन. दुसरा म्हणतो मेलेल्या सशाची आतडी भोकाशी ठेव, वासाने येईल. कंटाळून आत फिरणारी फेरेट येते त्याने, सशामागे चिकटलेली येत नाही, तिच्या नाकासमोर अख्खा ताजा ससा असताना ती तुमच्या आतड्यांसाठी का येईल? तिसरा जमिनीला कान लावून सांगतो की इथे आहे, इथे खण. जमिनीखालून येणारा आवाज फार फसवतो, कानावर खणलेले खड्डे मी पुष्कळ बघितलेत, फेरेट भलतीकडे. लोकेटर नव्हते तेव्हाचे लोकसुद्धा कानावर विसंबायचे नाहीत, ते एका दांडग्या हॉबला दोरी बांधून आत सोडायचे, दोरीला दर यार्डाला गाठ, किती गाठी आत गेल्या ते मोजायचं आणि दोरीच्या मागे मागे खणत जायचं. आपल्याकडे डबा आहे, डब्यावर विश्वास ठेवा.

हे खणणंच मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कोणी नीट सांगतच नाही, सगळे म्हणतात डबा फिरव आणि खण. तर नीट सांगतो. आधी डबा हळूहळू फिरवून आवाज सगळ्यात मोठा कुठे येतो ती जागा काडी रोवून ठेवा. मग काहीही करू नका. दहा-पंधरा मिनिटं काडी आणि आवाज एकाच जागी आहेत का बघा. जागा सरकली म्हणजे ती अजून काम करतेय, तिला करू द्या. घाई करून फावडं मारलंत तर धक्क्याने बाकीचे ससेसुद्धा आत दडून बसतात. जागा हलत नसेल तरच खणायचं, आणि तेव्हाही जाळ्या काढायच्या नाहीत, खणताना ससे सटकतात, सोबत्याला त्या बाजूला उभं करा.

विजेच्या तारांखाली किंवा करंटच्या कुंपणापाशी डबा वाटेल ते बोलतो, तिथे कुंपण बंद करायला शेतकऱ्याला सांगा. उतारावर असाल तर वरून मोजता तसं बाजूनेही मोजून बघा, पुष्कळदा बांधाच्या पोटातून आडवं गेलं तर निम्मं खणणं वाचतं.

खड्डा रुंद घ्या. हे तीनदा लिहावंसं वाटतंय. लोक पाणी मारायला पाइप घालायचा असल्यासारखा अरुंद खड्डा घेतात, दोन फुटांवर फावडं वळत नाही, हात पोचत नाही, मग पुन्हा वरपासून रुंद करत बसतात. सुरुवातच निदान दोन फूट बाय दोन फूट. वरचं गवत चौकोनी ढपल्यांनी काढून बाजूला रचून ठेवा, नंतर लागतं. आणि काडीच्या बरोबर खाली खणू नका, वीतभर बाजूला घ्या, नाहीतर बोळाचं छत तिच्या अंगावर बसतं किंवा फावड्याचं पातंच तिच्या पाठीवर उतरतं. दर फुटाला थांबून पुन्हा मोजा. आकडा एक फुटावर आला की फावडं वर फेकून द्या, अगदी खरोखर हाताला येणार नाही इतक्या लांब, कारण दमलेल्या माणसाला अजून एकच घाव घालू असं वाटतं आणि तो घाव महाग पडतो. इथून पुढे खुरपं आणि बोटं. पूर्व इंग्लंडातल्या ब्रेकलंडसारख्या वाळूत माती कोरडी सुटी असते, कडा ढासळतात, तिथे कमरेखाली खड्डा गेला की आणखी रुंद करा आणि डोकं खाली घालून आत घुसायचं साहस बिलकुल नको. चिकणमातीत वेळ जातो पण भिंत उभी राहते.

बोटाखाली माती अचानक पोकळ लागते तो बोळ. सांडलेली माती आधी हाताने बाहेर काढा म्हणजे तिला श्वास घेता येईल. आता तिच्या तोंडासमोर हात घालायचा नाही, अंधारात सशाच्या वासात ती जे हलेल त्याला चावते आणि एकदा धरलं की सोडत नाही. मागून हात घाला, खांद्यांच्या मागे, अख्खं अंग मुठीत येईल असं धरा आणि हळू मागे ओढा. नखांच्या फटीत सशाच्या पाठीची करडी लव चिकटलेली असते, त्यावरून कळतं की ससा पुढेच आहे. तिला पेटीत बंद करा, आधी. मग बाही वर करून त्याच बोळात पुन्हा हात, मागचे दोन पाय बोटांना लागले की सरळ बाहेर. त्याच्या पलीकडे आणखी एक बसलेला असू शकतो, खांद्यापर्यंत हात घालून चाचपा.

माती परत भरताना थराथराने पायाने दाबत भरा, वर गवताची ढपलं बसवा. अर्धवट बुजवलेल्या खड्ड्यात गाईचा पाय गेला आणि मोडला तर पुढच्या थंडीत तुम्हाला त्या शेतावर कोणी बोलावणार नाही.

संध्याकाळ झाली, ती खूप खोल गेलीये आणि हातातली काठीसुद्धा दिसत नाहीये, तर एका भोकाशी पेंढा भरलेली पेटी दार उघडं ठेवून सोडा, आसपासची तोंडं मातीने बुजवा आणि उजाडायच्या आत परत या. बहुतेक वेळा पेटीत गुंडाळून झोपलेली सापडते. भोकातून नुसतं डोकं काढून बघत असेल तर झडप घालू नका, एकदा तसं घाबरली की हाताला येणं सोडते, पूर्ण बाहेर येऊ द्या.

घरी आल्यावर तिला पाणी, खाणं, कोरडा पेंढा, आणि कानामागे गोचीड आहे का तेवढं बघा.

ससा शेतातच साफ करावा, पोट लवकर फुगतं. डोळे सुजून चिकटलेला दिसला तर तो मिक्सोमॅटोसिसचा, खायचा नाही. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तरी तो टाकून द्या. बाकी रस्सा आपल्या मटणासारखाच, फक्त अंगात चरबी नसते म्हणून तेल थोडं हात सैल सोडून घाला आणि मीठ-पाण्यात रात्रभर भिजवून ठेवा. पोर वयाचा असेल तर पातेल्यात पाऊण तासात होतो, जुना नर कुकरला लावल्याशिवाय शिजत नाही.